लक्ष्मम्मा मागं फिरली

'सावकाश' हा शब्द देवणीच्या लक्ष्मम्मानं बासष्ट वर्षांत फक्त दुसऱ्यांच्या तोंडून ऐकला. तिच्या पायाला जन्मतःच भिंगरी. पिठाची गिरणी चालवते, नवरा सिद्रामप्पा गेल्यापासून बारा वर्षं एकटीच. बायका डबा ठेवून "जरा बाजार करून येते" म्हणतात, तर त्या कोपऱ्यावर पोचेपर्यंत त्यांचं दळण तयार, आणि वर ही ओरडून राहिलेली, "नेऊन टाका गं आपापलं! माझ्या गिरणीत काय पीठ मुरवायला ठेवता का?"

पण कामात चोख, हे तिच्या वैऱ्यानंही मान्य करावं. ज्वारीवर गहू पडू द्यायची नाही आणि एकीचा डबा दुसरीच्या घरी जाऊ द्यायची नाही. "बारा वर्षांत एक डबा बदलला असंल तर मिशा लावून फिरंन," असं ती येईल त्याला सुनवायची. कुणी विचारलेलं नसायचं, तरी सुनवायची.

तर अशी ही बाई दरवर्षी फाल्गुनात गिरणीला कुलूप घालते आणि पदयात्रेबरोबर पायी श्रीशैलला निघते, मल्लय्याच्या दर्शनाला. पाडव्याच्या आत पोचायचं. पंधरा-सोळा दिवसांची वाट, फाल्गुनाचं ऊन, आणि यंदाचं तिचं सातवं वर्ष. नवस-बिवस काही नाही. विचारलं तर म्हणते, "वरीसभर दुसऱ्याचं दळते, पंधरा दिवस माझं." या पंधरा दिवसांत ती दोन गोष्टी पाळते. पोचेपर्यंत चाकावर पाय ठेवायचा नाही, ही एक. दुसरी तर तिच्या आईनं, आजीनं आणि तिच्याही आजीनं पाळलेली: गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा केल्याशिवाय अन्न नाही आणि पाणी नाही. लिंगायताच्या घरात हा देव देवळात नसतो, माणसाच्या अंगावर असतो. लक्ष्मम्माचा तिला आठव्या वर्षी स्वामींनी दीक्षा देताना दिलेला. तिचा एकटीचा. लग्नात गळ्यात, बाळंतपणात गळ्यात, आणि उद्या डोळे मिटले की तिच्यासोबत मातीत जाणारा.

यंदा तिसऱ्या दिवसाची गोष्ट. उदगीर मागं पडलं होतं आणि पदयात्रा देगलूरच्या रस्त्याला लागली होती. पहाटे पाचला एका विहिरीवर सगळ्यांनी आंघोळी उरकल्या आणि पूजेला बसले. लक्ष्मम्माच्या शेजारी बसली होती कमलम्मा. ही निलंग्याकडची, अगदी कर्नाटकाच्या हद्दीवरच्या गावची. वय चौऱ्याहत्तर, शुगर, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, बोलणं निम्मं मराठी आणि निम्मं कन्नड. उदगीरला लेकीकडं आली होती, पदयात्रा दिसली आणि पिशवी घेऊन सामील झाली. तिचं सगळंच निवांत. तळहातावर देव घेतला की त्याच्याशी गप्पा मारत बसायची. लक्ष्मम्माची पूजा आटोपून आसनाची घडीसुद्धा घालून झाली, तरी कमलम्मा आपली देवाला विचारतेय, "झोप लागली का रे रात्री? डास चावले का?"

पुढची माणसं चालायला लागली. लक्ष्मम्माला दम कुठला!

"कमलम्मा, उजाडलं की हो! आणा इकडं," असं म्हणून तिनं म्हातारीच्या हातातला देव घेतला. आपलाही अजून डबीत ठेवायचा होताच. दोन्ही एकाच फडक्यानं पुसले, दोन्ही चांदीच्या डब्यांत ठेवले, एक डबी कमलम्माच्या गळ्यात अडकवली, एक आपल्या, आणि निघालीसुद्धा. कमलम्मा मागून "अगं थांब की" म्हणत राहिली. लक्ष्मम्मा तोवर पहिल्या मैलाच्या दगडापाशी पोचली होती.

अकराच्या सुमाराला वाटेतल्या एका गावात जेवणाचा थांबा होता. शाळेच्या पटांगणात मांडव, गावकऱ्यांनी केलेल्या भाकरी, अंबाडीची भाजी, मठ्ठ्याची पिंपं. लक्ष्मम्मा नेहमीप्रमाणं पहिल्या दहांत. हातपाय धुतले, कोपऱ्यात बसली, डबी उघडली, देव डाव्या तळहातावर घेतला, आणि तिचा उजवा हात भस्माच्या वाटीपाशीच थांबला.

तिच्या देवाला बुडाशी तिळाएवढा टवका आहे. तिसाव्या वर्षी दोरा तुटून तो जात्याच्या खुंट्यावर पडला होता, तेव्हाचा. चौपन्न वर्षं रोज तळहातावर घेतलेली वस्तू, तिचा टवका डोळ्यांआधी कातडीला कळतो. हा गुळगुळीत होता. जरा जडही होता.

देव बदलला होता. बारा वर्षांत डबा बदलला नाही म्हणून मिरवणाऱ्या बाईनं कुणाचं पीठ नव्हे, गळ्यातला देव बदलला होता. लाज वाटली तिला, खरीखुरी लाज, कानाच्या पाळ्या गरम होईपर्यंत. तिनं घाईघाईनं तो देव परत डबीत ठेवला, डबी मिटली आणि उठली.

पदयात्रेचे प्रमुख गुरुलिंग स्वामी मांडवात पंगत बघत उभे होते. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, शांत माणूस.

"स्वामी, कमलम्मा कुठं हाय?"

"मागं आसंल. चालते सावकाश. का हो?"

"माझा देव तिच्याकडं गेलाय. तिचा माझ्याकडं. म्या बदलले, पहाटं."

स्वामींनी तिच्याकडं बघितलं आणि आधी हातातला पाण्याचा तांब्याच पुढं केला. "अम्मा, पहिलं पाणी घ्या. ऊन काय कमी हाय का? आडवाटेला आडनियम. चुकून झालं, देव काय रागावत न्हाई. म्हातारी येईल तासाभरात, तेव्हा बदलून घ्या."

"माझा देव गळ्यात न्हाई आन मी पाणी पिऊ? न्हाई स्वामी."

"हरवलं तर नवं देता येतं, त्यालाबी मार्ग हाय..."

"हरवलं असतं तर तुमच्या पुढ्यात पदर पसरला असता. हरवलं न्हाई ना! म्या शहाणीनं आपल्या हातानं दुसरीच्या गळ्यात घातलंय."

तेवढ्यात शिवप्रसाद मोटारसायकलवरून आला. हा पाण्याच्या टँकरची व्यवस्था बघणारा. रस्त्यानं मागंपुढं त्याच्या फेऱ्या चाललेल्या असतात. त्याला कमलम्माचं विचारलं, तर म्हणाला, "ती म्हातारी? ती तिकडं मागं लिंबाखाली बसलीय. नऊएक किलोमीटर आसंल. म्हणलं गाडीवर बसा, तर बसना. चाकावर बसत न्हाई म्हणं तीबी. पाणी देऊ का म्हणलं, तर हात हलवली नुसती. न्हाई म्हणं."

झालं. लक्ष्मम्माच्या डोळ्यासमोर सगळं उभं राहिलं. म्हातारीनं पूजेला डबी उघडली असणार, देव आपला नाही हे तिला कळलं असणार, आणि आता ती बिनपाण्याची बसलीय. शुगरची म्हातारी. या उन्हात. आणि कुणामुळं? जिला दोन मिनिटं दम धरवला नाही तिच्यामुळं.

"मी निघाले," ती म्हणाली.

"कुठं?" स्वामींनी विचारलं.

"मागं."

मांडवात एकच कालवा झाला. कुणी म्हणालं ऊन उतरू द्या. कुणी म्हणालं डबी शिवप्रसादकडं द्या, तो पंधरा मिनिटांत अदलाबदल करून आणतो. त्यावर लक्ष्मम्मा फिरलीच त्याच्याकडं. "देव म्हणजे काय पिठाचा डबा हाय का रे, कुणाच्याबी हाती धाडायला? दोन हातांनी चूक झाली ती काय थोडी झाली का?" शिवप्रसाद बिचारा काही बोललाच नव्हता. त्याला टँकर गाठायला पुढं देगलूरकडं जायचं होतं, तो गेला. आणि लक्ष्मम्मानं पदर डोक्यावरून घेतला, कनवटीला खोचला आणि श्रीशैलकडं पाठ करून चालायला लागली.

आता या रस्त्याचं सांगायला हवं. पूर्वी दोन्ही बाजूंनी लिंब आणि चिंचा होत्या, माणूस सावलीसावलीनं चालत जायचा. मग रस्ता रुंद झाला, सिमेंटचा झाला आणि झाडं गेली. त्यांच्या बदली जी रोपं लावलीत, त्यांच्या सावलीत कोंबडीसुद्धा मावायची नाही. वरून ऊन, खालून सिमेंटची धग. चपलेतून तळव्याला चटके बसायचे. आणि समोरून सगळी पदयात्रा. सगळी माणसं एका दिशेनं आणि ही एकटी उलटी.

"अम्मा, काय ईसरलं का?"

"हाव."

"अम्मा, श्रीशैल तिकडं हाय!"

"हाव, मला काल कळलं!"

पहिले तीन किलोमीटर तिला रागानं चालवलं. राग स्वतःवरचा, पण तोंडाचा पट्टा देवावर. "तुला काय," ती गळ्यातल्या डबीला म्हणत होती, "तू पदराच्या सावलीत बसलास. अरे पण तू तर माझा न्हाईसच, तुला बोलून काय उपेग! माझा तिकडं हाय." मग तिला वाटलं, परक्याच्या देवाला असं बोलू नये, आणि ती गप्प झाली. रस्त्याच्या कडेला पिवळ्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'अति घाई संकटात नेई.' लक्ष्मम्मानं ती पाटी वाचली आणि ज्यानं लावली त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

चौथ्या किलोमीटरला रागही संपला. जिभेला कोरड पडली होती, ओठ एकमेकांना चिकटत होते. सकाळी नऊला दोन घोट पाणी प्यायली होती, तेही आता आठवून तिला टोचायला लागलं, कारण तेव्हाही गळ्यात देव दुसरीचाच होता. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली फोड आला होता, तो फुटला. समोर रस्त्यावर पाणी साचल्यासारखं दिसायचं आणि पोचेपर्यंत नाहीसं व्हायचं. ती एका पुलाच्या कठड्याला टेकली. टेकली आणि लगेच उठली, कारण बसलं तर उठणं होणार नाही हे तिला पक्कं माहीत होतं. "म्हातारी बसलीय," ती मोठ्यानं म्हणाली. ऐकायला कुणी नव्हतं. "तिला एवढं तरी चालता येतं का? मला येतंय. मग चाल की गं."

एका वळणावर टरबुजाचा ढीग लावून एक चाचा बसला होता. वर गोणपाटाचं छत, शेजारी पाण्याचा रांजण. लक्ष्मम्माला बघून तो उठलाच.

"अम्मा, उल्टे कां चले? सब लोगां तो उधर जारै."

"काम हाय मागं."

"मूं तो देखो, कित्ता लाल हुआ! पानी पिओ, बैठो."

"तोंडात न्हाई घ्यायचं मला. डोक्यावर ओतता का?"

चाचानं तिच्याकडं नीट बघितलं. "रोजा है क्या तुम्हारा?"

"तसंच समजा."

"हमारा बी है," तो म्हणाला. रमजानचा महिना चालू होता. दिवसभर पाण्याच्या आणि टरबुजाच्या ढिगाशेजारी कोरड्या तोंडानं बसलेला माणूस तो, त्याला जास्त सांगायची गरज पडली नाही. "हमारा तो मगरिब कू, सूरज डूबे बाद छूटता. तुम्हारा कब?"

"एक म्हातारी सापडली की."

चाचा हसला. त्यानं तांब्याभर पाणी तिच्या डोक्यावर हळूहळू ओतलं. पाणी कपाळावरून, नाकावरून ओघळून हनुवटीवर आलं, आणि लक्ष्मम्मानं ओठ असे घट्ट मिटून घेतले होते की त्यांचा रंग गेला. एक थेंब आत जाऊ दिला नाही. मग ओला पदर तसाच डोक्यावर घेऊन, "अल्ला तुमचं भलं करो" म्हणून ती निघाली. पुढच्या अर्ध्या किलोमीटरात पदर वाळून खडखडीत झाला.

शेवटचे दोन किलोमीटर कसे गेले ते तिला आजही सांगता येत नाही. फक्त एक आठवतं. पाय आपोआप पडत होते आणि मनात एकच घोकणं चालू होतं: म्हातारीला काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? तिच्या लेकीला? मल्लय्याला? देवणीतल्या बायकांना? आधी म्हातारीला पाणी. मग माझं काय व्हायचं ते होवो. लक्ष्मम्मा रडणारी बाई नाही, पण त्या दोन किलोमीटरांत ती रडली, आणि डोळ्यांतून पाणीही धड आलं नाही.

तो लिंब रस्त्यापासून जरा आत, एका शेतातल्या आखाड्यावर, गुरांच्या वस्तीवर होता. झोपडी, चार जनावरं, त्यांना वैरण टाकणारी एक बाई, एक बाज. रुंदीकरणातून वाचलेलं ते एकच झाड. बाजेवर पाय लांब करून कमलम्मा बसली होती. पदरानं वारा घेत होती. हातात पितळेचा पेला होता आणि पेल्यात ताक.

लक्ष्मम्मा बांधावरच उभी राहिली.

"आलीस का?" कमलम्मानं एका डोळ्यानं बघून ओळखलं. "बा अक्का, कुंद्रु. ये, बस. लई येळ लावलीस गं, तुझ्यासारख्या घाईच्या बाईनं?"

"तुम्ही ताक पिऊन राहिलात?" लक्ष्मम्माचा आवाज खरखरीत झाला होता.

"हाव. जिऱ्याचं हाय. लई चांगली माणसं हायत ही."

"शिवप्रसादनं पाणी देऊ केलं तर न्हाई म्हणलात ना?"

"त्याच्या आधीच या बाईनं पेला भरून दिला व्हता. किती पिऊ?"

लक्ष्मम्मा मटकन खाली बसली, बाजेवर नाही, मातीत. नऊ किलोमीटरांचा सगळा दम आणि सगळी भीती एकदम तिच्या तोंडाला आली. "मी तिकडून जीव मुठीत धरून पळत आले! वाटलं म्हातारी मरून राहिली बिनपाण्याची! घशात थेंब न्हाई माझ्या नऊ वाजल्यापासून! आन तुम्ही? कळलं तरी का तुम्हाला, गळ्यात कुणाचा देव हाय ते?"

"कळलं की. दहालाच कळलं. डोळा गेला माझा, बोटं हायत ना अजून? तुझ्या देवाला खाली टवका हाय." कमलम्मानं पेला बाजूला ठेवला. "म्हणून तर बसले हितं. मी पुढं आन तू मागं करत फिरलो असतो तर दिवसभर चुकामूक. चुकलं की एकानं जागा सोडू न्हाई."

"कळल्यावरबी पाणी प्यालात? दुसरीचा देव गळ्यात ठेवून?" लक्ष्मम्माला आता खरोखरच राग आला होता. आपण एवढं कडक पाळलं, आणि ही जख्ख म्हातारी, जन्मभर पाळत आलेली, ही अशी?

कमलम्माला त्या रागाचं काही कळलंच नाही. तिनं साधेपणानं सांगितलं, "मग काय करू गं? तुझा देव माझ्या घरी पाव्हणा आला. वाट चुकून का होईना, आला. पाव्हण्याला उपाशी ठेवू व्हय? या बाईकडून पाणी घेतलं, आंघोळ घातली, भस्म लावलं. बेल माझ्या पिशवीत व्हता. म्हणलं, बाबा, तुझी लक्ष्मम्मा आली की जाशील तिच्याकडं, तवर माझ्या हातचं गोड मानून घे. तो जेवला, मग त्याच्या पंगतीला मीबी बसले. गोळी खायची व्हती मला."

लक्ष्मम्मा फुटलेल्या फोडावरची माती झटकायला लागली.

"आन माझ्याला काय केलीस?" कमलम्मानं विचारलं. तिनं लहान पोराची चौकशी करावी तसं विचारलं होतं. "त्याला रोज दोनदा लागतं गं. जरा बोलावंबी लागतं त्याच्याशी."

लक्ष्मम्माचा हात गळ्यातल्या डबीवर गेला. अकरा वाजता तिनं ती उघडली होती, आपला नाही म्हणून तशीच मिटली होती, आणि नंतर एकदाही उघडली नव्हती. तीन तास ती त्या देवाला उन्हातून घेऊन पळत होती. तिनं स्वतःची तहान सांभाळली होती, स्वतःचा नियम सांभाळला होता, वाटेत एक थेंब ओठाआत जाऊ दिला नव्हता, आणि म्हातारीचा देव तिच्या छातीवर बिनपाण्याचा, बिनबेलाचा बसून होता. स्वतःला शिक्षा देण्याच्या नादात तिनं पाहुण्याला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

"अक्का?" कमलम्माचा चेहरा हळूहळू उतरला. "उपाशी हाय का माझा?"

"हाव," लक्ष्मम्मा म्हणाली. "चुकलं माझं."

म्हातारीनं तोंडावर पदर धरला. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसता हात पुढं केला, आपला देव मागायला.

लक्ष्मम्मानं डबी दिली नाही. "थांबा," ती म्हणाली. "माझ्याकडं आलाय. माझ्या हातचं झाल्याशिवाय जायचा न्हाई तो." ती उठली, फुटक्या फोडाच्या पायानं झोपडीच्या दारातल्या रांजणापाशी गेली, हात धुतले, चेहरा धुतला. आखाड्यावरच्या बाईनं गार पाण्याचा तांब्या भरून तिच्या हातात दिला आणि तिचे फाटलेले ओठ बघून म्हणाली, "आधी तुमी प्या, माय."

लक्ष्मम्मानं मान हलवली. लिंबाखाली मांडी घालून बसली, कमलम्माचा देव डाव्या तळहातावर घेतला आणि त्याच्यावर पाण्याची धार धरली. पाणी तळहातावरून, मनगटावरून ओघळत मातीत गेलं. तिनं भस्म लावलं, तीन बोटांनी, बारीक. कमलम्माच्या पिशवीतलं बेलाचं पान पुसून ठेवलं. मग तिला आठवलं की याच्याशी बोलावं लागतं. तिला देवाशी बोलायची सवय नव्हती, आयुष्यभर ती देवाला भराभर आटोपत आली होती. तरी ती खाली वाकली आणि कुजबुजली, "लई ऊन लागलं का रे बाबा तुला? दमलास का?" आणि मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, या खेपेला चांगलं भरून.

जनावरं रवंथ करत होती. उन्हाची तिरीप लिंबाखालून सरकून बाजेच्या पायापाशी आली. लक्ष्मम्मा अजून बसलेलीच होती, तळहात सरळ धरून, नजर त्याच्यावर. तिचा स्वतःचा देव कमलम्मानं काढून पदरावर तयार ठेवला होता, त्याच्याकडं तिनं बघितलंही नाही. शेवटी कमलम्माच्यानं तिचे ओठ बघवेनात. तिनं तिच्या खांद्याला हात लावला.

"पुरे गं आता, अक्का. झालं त्याचं. तुझा घे आन पाणी पी. मरशील."

"गप बसा," लक्ष्मम्मा म्हणाली. "पाव्हणा जेवून राहिलाय."